जुन्या गाडीच्या रेडियल टायरमध्ये हवा किती ठेवायची?

जळगाव-धुळ्याकडे अजूनही बऱ्याच घरांत आजोबांची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर सांभाळलेली आहे. शेताकडे जुनी जीप असते. गाडी चालू असते, इंजिनचं काम झालेलं असतं, रंगही झालेला असतो. टायर बदलायची वेळ आली की जुन्या मापाचे नायलॉन टायर सहज मिळत नाहीत, म्हणून रेडियल बसतात. मग हवा भरायला गेलं की पंक्चरवाला विचारतो, "कितली हवा टाकू, भो?" आणि आपण म्हणतो, "टाक तीस-तीस."

तीस-तीसने गाडी चालते, यात वाद नाही. पण त्याच गाडीला पुढे २६ आणि मागे २८ केलं की ती वेगळीच वाटते. स्टेअरिंग सरळ राहतं, खड्डा कमी जाणवतो, वळणावर मागची बाजू विश्वासाने मागोमाग येते. हा फरक फुकटात मिळतो. त्यासाठी आपल्या गाडीचा आकडा आपणच शोधून काढावा लागतो, कारण तो कुठल्याच पुस्तकात तयार छापलेला नाही.

का नाही, ते आधी पाहू. मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ पासून तो बाजारात आणला. भारतात जेके टायरने १९७७ मध्ये पहिला रेडियल काढला. आपल्याकडे पद्मिनी ज्या फियाट ११०० पासून आली ती गाडी मात्र १९६४ मध्येच रस्त्यावर होती, आणि अ‍ॅम्बॅसेडर त्याहून जुनी. या गाड्यांच्या हस्तपुस्तिकेत हवेचे जे आकडे आहेत, बहुधा विशीतले, ते नायलॉन टायरसाठी काढलेले आहेत. तुमच्या गाडीवर आज जो टायर आहे तो त्या पुस्तकाला ठाऊकच नव्हता.

नायलॉन टायरला तांत्रिक नाव क्रॉस-प्लाय. त्यात दोऱ्यांचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरपे जातात आणि एकमेकांना छेदतात. सुंभाने विणलेल्या बाजेच्या एका कोपऱ्यावर बसलं की सगळी वीण ताणली जाते, तसं या टायरचं असतं. बाजूची भिंत दबली की रस्त्याला टेकलेला नक्षीचा भागही वेडावाकडा होतो. पण त्या तिरप्या थरांमुळे भिंत स्वतः ताठ असते आणि गाडीचं थोडं ओझं तीच उचलून धरते.

रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेला थेट आडवे, चाकाच्या फिरण्याच्या दिशेशी काटकोनात जातात. नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे भिंत आणि नक्षी आपापलं काम वेगवेगळं करतात. भिंत हवी तशी लवते, तरी खालचा पट्टा रस्त्यावर सपाट बसून राहतो. पकड चांगली, झीज कमी, टायर थंड. बदल्यात भिंत ओझं फारसं उचलत नाही आणि ते जवळजवळ सगळं हवेवर येतं. म्हणून त्याच गाडीला, त्याच वजनाला रेडियलमध्ये नायलॉनपेक्षा थोडी जास्त हवा लागते. सुरुवात करायला पुस्तकातल्या आकड्यात ३ ते ५ पीएसआय मिळवावेत. पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप, पंक्चरवाल्याला आपण सांगतो ते तीस-तीस याच मापातले. पुस्तक २४ म्हणत असेल तर २७-२८ पासून सुरू करा. काही पुस्तकांत आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतात. त्यातला १ म्हणजे आपले १४.२ पीएसआय.

लवचीक भिंतीचा एक परिणाम रोज डोळ्यांना दिसतो. रेडियलला खाली पोट सुटतं. योग्य हवा असतानाही तो बसल्यासारखा दिसतो. ज्याची नजर नायलॉनवर तयार झाली आहे तो माणूस हे पाहून हमखास आणखी हवा मारतो आणि आकडा ३८-४० वर जातो. एवढ्या हवेला हलकी जुनी गाडी रस्त्यावर उड्या मारते. पाट्यांचे (लीफ) स्प्रिंग आधीच कडक, त्यात टायर दगडासारखा. मग शॉकअब्सॉर्बरची रबरं, स्टेअरिंगचे जॉइंट आणि किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) यांवर तो मार जातो. पोट बघून हवा ठरवू नका. हवा मोजायचा चांगला गेज स्वतःचा घ्या आणि तोच कायम वापरा. पंपावरच्या नळीच्या टोकाला लटकणारा गेज दिवसभर फरशीवर आपटत असतो, त्याच्या आकड्यावर मी माझं कुटुंब बसलेली गाडी सोडत नाही.

टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडाही अनेकांना फसवतो. तिथे ४४ किंवा ५१ पीएसआय लिहिलेलं असतं. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. तुमच्या गाडीला किती हवी, हे टायर बनवणाऱ्याला कळायचा मार्गच नाही. कारण तोच टायर उद्या दुसऱ्या कुठल्या गाडीवर बसेल. भिंतीवरची उपयोगी माहिती म्हणजे मापापाठोपाठ येणारा छोटा आकडा आणि अक्षर. उदाहरणार्थ १६५/८० आर १४ ८५ टी. स्विफ्टमुळे हे माप दुकानात सहज मिळतं. त्यातला ८५ हा भारांक आहे, त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल, जे आपल्या गाडीला कधीच लागणार नाही. भारांक ७९ असेल तर ४३७ किलो, ८२ असेल तर ४७५.

आता गाडीचं वजन. इथे खानदेशात आपली मोठी सोय आहे. कापसाच्या जिनिंगजवळ, केळीच्या पट्ट्यात, बाजार समितीत, जागोजागी भुईकाटे आहेत. गाडीचं नुसतं एकूण वजन घेऊ नका. काटेवाल्या दादांना सांगून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, वजन लिहून घ्या, मग गाडी पुढे सरकवून फक्त मागची चाकं ठेवा. दोन पावत्या हातात येतात. हेच काम दोनदा करा. एकदा तुम्ही एकटे, आणि एकदा घरचे सगळे बसवून, डिकीत सामान ठेवून, टाकी भरून. हंगामात काट्यावर ट्रॅक्टरांची रांग असते, म्हणून दुपारच्या शांत वेळी जा. पैसे फार लागत नाहीत, आणि त्या चार आकड्यांनी जे कळतं ते दुसऱ्या कशानेही कळत नाही.

समजा पद्मिनीसारखी सुमारे ९०० किलोची गाडी आहे. रिकामी असताना पुढे ४६० आणि मागे ४४० आलं. पाच माणसं आणि लग्नाचं सामान भरल्यावर पुढे ५५० आणि मागे ७१५ झालं. बघा, पुढे ९० वाढले आणि मागे २७५. मागच्या बाकावरची माणसं आणि डिकी जवळजवळ पूर्णपणे मागच्या आसावर बसतात. म्हणजे भरलेल्या गाडीत पुढच्या एका टायरवर २७५ किलो आणि मागच्या एकावर साधारण ३५८.

युरोपीय टायर-मानकात भार आणि हवा यांचं नातं सूत्रात दिलेलं आहे. साध्या टायरचा पूर्ण भार २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआयला धरतात. आपल्या टायरवरचा भार त्याच्या कमाल भाराने भागायचा, आलेल्या संख्येचा १.२५ वा घात घ्यायचा आणि त्याला ३६ ने गुणायचं. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण सापडतं. मागच्या टायरचं गणित करू. ३५८ भागिले ५१५ म्हणजे ०.६९५, त्याचा घात ०.६३५ च्या आसपास, गुणिले ३६, उत्तर जवळपास २३. पुढच्या टायरला हेच गणित साडेसोळाच्या आत येतं.

हे आकडे पाहून कुणी पुढे १६ हवा ठेवू नये. एवढ्यात टायर ओझ्याने खराब होणार नाही, इतकंच हे गणित सांगतं. त्याखाली कधीच जायचं नाही. पण गाडी वळते, ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, खड्ड्यात चाक आपटतं, गेज एक-दोनने चुकतो, आणि पॉवर स्टेअरिंग नसल्यामुळे मऊ टायरवर गाडी उभ्या जागी वळवताना खांदे भरून येतात. या सगळ्यासाठी वर भर घालावी लागते. एवढ्या वजनाच्या गाडीला दोन माणसं असताना पुढे २६, मागे २६ ते २८ आणि पूर्ण भरलेली असताना पुढे २८, मागे ३१-३२, अशी सुरुवात मी सुचवेन. अ‍ॅम्बॅसेडर ११०० किलोच्या पुढची, तिला दोन-तीन पीएसआय वर धरा. आणि तिच्यासाठी टायर घेताना भारांक आधी तपासा, नुसतं रिममध्ये बसलं म्हणून घेऊ नका.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढच्या-मागच्या हवेतलं अंतर. वळण घेताना चाक जिकडे तोंड करून असतं, त्यापेक्षा टायर किंचित बाहेर सरकत जातो. रबर पिळवटतं ना. हवा कमी तर पीळ जास्त. पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त पिळवटले तर गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते. आपण स्टेअरिंग आणखी फिरवतो, पाय उचलतो, गाडी सावरते. हे साध्या ड्रायव्हरला आपोआप जमतं. मागचे टायर जास्त पिळवटले तर मागची बाजू बाहेर येते, गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळते आणि सावरायला फार थोडा वेळ मिळतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना-उतरताना हे होऊ नये, एवढ्यासाठी मागची हवा पुढच्यापेक्षा कमी ठेवायची नाही. गाडी भरलेली असेल तर मुळीच नाही. शिवाय नायलॉन टायर सुटण्याआधी हळूहळू इशारा देतो, रेडियल शेवटपर्यंत घट्ट धरतो आणि मग एकदम सोडतो. म्हणून रेडियलवर हे अंतर जास्त जपावं.

शेव्हरोलेची कोर्वेअर नावाची मागे इंजिन असलेली गाडी १९६० च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकली गेली. कंपनीने तिला पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय सांगितले होते. गाडी सरळ वागावी म्हणून एवढं मोठं अंतर मुद्दाम ठेवलेलं. लोकांनी आणि गॅरेजवाल्यांनी सवयीने चारही चाकांत सारखी हवा भरली की तिची मागची बाजू वळणात घसरायची. पुढे त्या गाडीच्या सुरक्षिततेवरून तिथे मोठं वादळ उठलं. आपल्याकडे कुणी हौसेने जुनी बीटल सांभाळली असेल, तर तिचंही इंजिन मागे आहे. तिला चारही चाकांत सारखी हवा कधी भरू नका.

आता आपल्या उन्हाची गोष्ट. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हातलं डांबर ६० अंशांच्याही वर तापलेलं असतं. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. आपल्या टायरसाठी हिशेब साधा आहे, दर १० अंशांना सुमारे दीड पीएसआय. जानेवारीत पहाटे १० अंशांना ३० भरलेली हवा मे महिन्यात ४३ अंशांच्या सावलीत, गाडी जागची न हलवता, कागदावर ३५ दाखवेल. प्रत्यक्षात ट्यूबमधून दर महिन्याला एखाद-दोन पीएसआय झिरपत जाते, त्यामुळे आकडा कुठे असेल ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

यातून उलट्या बाजूने नुकसान होतं. भर दुपारी धुळ्याहून जळगावला आलात, उन्हाळा, टायर गरम. गेज ३४ दाखवतो. कुणीतरी म्हणतं, "उन्हाळ्यात फुटेल, काढ थोडी." आणि ती २८ वर आणली जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाल्यावर तीच हवा २३ च्या आसपास उतरते. आता त्या मऊ टायरवर तुम्ही पुन्हा उन्हात हायवेला निघता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, भिंत जास्त लवते, लवण्याने तापते, आणि उन्हाळ्यात टायर फुटतो तो बहुतेक वेळा या तापण्याने. भीतीपोटी काढलेली हवाच टायरला फुटण्याकडे नेते. गरम टायरची हवा काढायची नाही, हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला पाठ असायला हवं. उन्हाळ्यात आकडा वाढणार हे धरूनच थंड टायरचे आकडे ठरवलेले असतात.

थंड टायर म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, सूर्य चाकांवर येण्याआधी. पंप दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर सावकाश जाऊन तिथे भरलेलं चालतं. वाटेत गरम टायरमध्ये हवा कमी वाटली तर त्याच आसावरच्या दुसऱ्या चाकाशी तुलना करा. जोडीदाराइतकी भरा आणि पुढच्या पहाटे नीट मोजा. डावं-उजवं मात्र कायम सारखं हवं.

सुरुवातीचा आकडा मिळाला की तो पारखायची एक पद्धत जुन्या गाड्यांच्या जाणकारांत चालत आलेली आहे. पहाटे थंड टायर मोजा. मग नेहमीच्या वेगाने अर्धा तास चाला. जळगाव ते भुसावळ हे अंतर यासाठी नेमकं आहे. पोहोचल्यावर लगेच, टायर थंड व्हायच्या आत पुन्हा मोजा. दाब ३-४ पीएसआयने वाढला असेल तर आकडा बरोबर. ६ किंवा त्याहून जास्त वाढला तर टायर जास्त लवून जास्त तापतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती. दोन वाढवा. एखादाच वाढला तर टायर गरजेपेक्षा ताठ आहे, दोन उतरवा. २८ ची ३२ होते तेव्हा आतली हवा साधारण २८ अंशांनी तापलेली असते. ही परीक्षा पहाटेच घ्या, नाहीतर ऊनच आकडा वाढवेल. आणि एकाच चाकाचा दाब इतरांपेक्षा जास्त वाढला तर ते चाक हाताने चाचपून बघा. ब्रेकचा ड्रम गरम असेल तर ब्रेक घासतोय, हवेला दोष देऊ नका.

नक्षीवर खडूची आडवी रेघ ओढून, गाडी सरळ चालवून, खडू कुठे पुसला गेला ते पाहायची पद्धतही आहे. नायलॉनवर ती चांगली चालते. रेडियलचा पट्टा मात्र हवा थोडी कमी-जास्त असली तरी सपाटच बसतो, त्यामुळे खडू सगळीकडे सारखा पुसतो आणि आपल्याला खोटं समाधान मिळतं. रेडियलला तापाची परीक्षाच बरी.

जुन्या रिमबद्दल थोडं. आजच्या ट्यूबलेस रिमच्या आतल्या कडेला एक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी टायरची कड त्यामुळे आत घसरत नाही. जुन्या रिमना बहुधा तो नसतो, आणि काही रिम रिव्हेटने जोडलेल्या असतात, त्यातून हवा झिरपते. म्हणून टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब हवीच, तीही रेडियलसाठीची, नेमक्या मापाची. आतली कागदी चिठ्ठी आधी काढायला सांगा, नाहीतर ती ट्यूब घासून पंक्चर करते. शेतात काळ्या मातीत जीप रुतली तर हवा कमी करून काढायची सवय काहींना आहे. उंचवटा नसलेल्या रिमवर रेडियलमध्ये १८ च्या खाली जाऊ नका, आणि बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय डांबरी रस्त्याला लागू नका.

नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे द्यायचे तर द्या, पण पहाटे मोजायचं काम त्याने टळत नाही.

अशा गाड्या वर्षाला थोड्याच धावतात, त्यामुळे नक्षी नवीसारखी राहते आणि रबर मात्र उन्हाने म्हातारं होतं. भिंतीवर चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सहा वर्षांच्या पुढे दरवर्षी भिंतीवरच्या भेगा नीट तपासा. दहा झाली की नक्षी कितीही दिसत असली तरी बदला. या टायरना हवेचा कुठलाच आकडा वाचवू शकत नाही.

शेवटी स्टेपनी. चार रेडियल घेताना पैसे वाचवायला स्टेपनीत जुना नायलॉनच राहू देतात. एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन आले की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. दोन-दोन मिसळायचेच असतील तर नायलॉन पुढे आणि रेडियल मागे, उलट कधीच नाही. पाचही रेडियल घेता येत नसतील तर नायलॉनची स्टेपनी फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, ताशी ४० च्या आत. आणि स्टेपनीत ३५ हवा ठेवा. महिनोन् महिने डिकीत पडून ती उतरत जाते, तरी लळिंगच्या घाटात रात्री चाक बदलायची वेळ आलीच तर जास्तीची हवा गेज लावून जागेवरच कमी करता येईल.